एक पुण्यात, एक दूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा स्टुटगार्टला आणि बायको कोथरूडला. ती बंगळुरूला आणि तो हिंजवडीत. एक बोटीवर, एक चिंचवडच्या फ्लॅटमध्ये. एक सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय आणि दुसरी लातूरला शाळेत शिकवतेय. अशी जोडपी पुण्यात आता प्रत्येक सोसायटीत सापडतात. खालचे प्रश्न त्यांनी विचारलेले आहेत. बरेचसे रात्री उशिरा आले आणि ‘एक मैत्रीण विचारत होती’ असं म्हणून आले. लग्न झालेलं असो वा नसो, उत्तरं बहुतेक ठिकाणी सारखीच आहेत.

रोज तासभर बोलतो, तरी लांब लांब वाटतं. असं का होतं?

कारण बऱ्याचदा तो तास हजेरीत जातो. ‘जेवलास?’ ‘हो, तू?’ ‘हो.’ ‘काय केलं होतं?’ ‘भेंडी.’ ‘ऑफिस?’ ‘नेहमीचंच.’ मग आईचं गुडघ्याचं दुखणं, विजेचं बिल, सोसायटीतली पाण्याची बोंब, आणि ‘चल, ठेवतो, उद्या लवकर उठायचंय.’ यात वाईट काहीच नाही, संसार असाच चालतो. पण तासाभरानंतर समोरच्याच्या मनात आज काय चाललं होतं, ते दोघांनाही कळलेलं नसतं.

एका घरात राहताना हे खपून जातं. दार कसं लोटलं यावरून दिवस कसा गेला ते समजतं, चहाचा कप हातात देताना हात जरा रेंगाळतो. न बोलता पोचणारं हे सगळं लांब राहिल्यावर शब्दांतच आणावं लागतं, आणि तशी सवय आपल्या घरांत फारशी कुणाला लावलेली नसते.

२०१३ साली हाँगकाँगच्या क्रिस्टल जियांग आणि कॉर्नेल विद्यापीठाचे जेफ्री हॅनकॉक यांनी जोडप्यांना रोजच्या बोलण्याची डायरी ठेवायला लावली होती. लांब राहणाऱ्या जोडप्यांना जवळ राहणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक जाणवत होती. ती माणसं एकमेकांना स्वतःबद्दल जास्त सांगत होती, आणि समोरचाही मोकळेपणाने सांगतोय असं त्यांना वाटत होतं. म्हणजे किलोमीटर मोजून निराश व्हायचं कारण नाही.

करायचं एवढंच की दोन खाती वेगळी ठेवायची. बिलं, हप्ते, औषधं, प्लंबर हे सगळं मेसेजवर किंवा दुपारच्या पाच मिनिटांत उरकायचं. रात्रीच्या फोनवर त्यातलं काही आणायचं नाही. त्या फोनवर रोज एक तरी गोष्ट अशी सांगा, जी दुसऱ्या कुणाला सांगितली नसती. ‘आज मीटिंगमध्ये माझा अपमान झाला आणि मी हसून वेळ मारून नेली.’ एवढं वाक्यसुद्धा पुरतं. बोलायला काही नसेल तर फोन चालू ठेवून भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. मधली शांतता भरून काढायची घाई करू नका.

दिवसातून किती वेळा बोलावं?

चुकलं तरी धास्ती वाटणार नाही, इतकंच. एखाद दिवशी फोन झाला नाही आणि लगेच ‘काय लपवतोयस?’ सुरू होत असेल, तर फोन वाढवून ते थांबणार नाही.

वेळांचा मेळच बसत नाही. काय करायचं?

आधी घड्याळ नीट समजून घ्या. यावरून झालेली भांडणं मी इतकी ऐकली आहेत की हा प्रश्न मला अजिबात किरकोळ वाटत नाही. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. लंडन साडेचार आणि साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. दुबईचा फरक बारा महिने दीड तासाचा. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यात कुणीतरी तासभर वाट बघत बसतं आणि मग फुगतं. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जर्मनीवाल्यांचं सोपं आहे. पुण्यात रात्रीचे साडेदहा म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा-सात. कॅलिफोर्नियावाल्यांचं अवघड, कारण एकाची सकाळ म्हणजे दुसऱ्याची संध्याकाळ. एक ताजातवाना असतो, दुसरा पेंगत असतो. हा पेंगण्याचा भार नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर कधीतरी ते बाहेर येणारच. आठवडा-आठवडा वाटून घ्या: या आठवड्यात तू लवकर उठ, पुढच्या आठवड्यात मी जागते. खराडीत अमेरिकी वेळेवर काम करणाऱ्यांनी जोडीदारासाठी वेगळं जागरण करू नये, ब्रेकमधली वीस मिनिटं पक्की करावीत. झोप तुटलेल्या माणसाला प्रेम सुचत नाही, चिडचिड तेवढी सुचते.

दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल चालत नाहीत. तिथले लोक बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप वापरतात. जाण्याआधीच दोघांनी फोनवर ते घालून घ्या.

वन बीएचके, सासू-सासरे घरात. दार लावून बोललं की बाहेर टीव्हीचा आवाज कमी होतो. एकांत आणायचा कुठून?

हा खरा पुणेरी प्रश्न. धायरीतला वन बीएचके असो, पेठेतल्या वाड्यातली खोली असो की कर्वेनगरमधलं कॉट बेसिस (वाटून घेतलेल्या खोलीतली एक कॉट), भिंतीपलीकडे कुणीतरी असतंच. लांबच्या नात्यात पैशांपेक्षा एकांताची टंचाई जास्त जाचते, असं माझं मत आहे.

चोरून बोलणं पहिल्यांदा बंद करा. चोरून बोलणारा माणूस कुजबुजतो, आणि कुजबुजत कुणाला मनातलं सांगता येत नाही. सरळ सांगा: ‘आई, रोज दहा ते अकरा आम्ही बोलतो, तेव्हा मी दार लावून घेते.’ पहिले काही दिवस चेहरे वाकडे होतील. मग सवय होते, आणि काही घरांत सासूबाईच नातवंडांना हाका मारून बाहेर बोलावतात.

व्हिडिओ कॉल लागला की सगळं घर फोनपुढे जमतं, ही दुसरी अडचण. त्यात चूक कुणाची नाही, मुलगा त्यांचाही आहे. रविवारी सकाळचा एक कॉल सगळ्या घराचा ठरवा आणि तो मनापासून होऊ द्या. तो झाला की बाकीच्या दिवशी फोन तुमचा.

नुसतं बोलायचं असेल तर घराबाहेरही जागा आहेत. वेताळ टेकडीवर सकाळी चालता चालता बोलता येतं. झेड ब्रिजवर दुचाकी लावून फोनवर कितीही वेळ बोला, कुणी ढुंकून बघत नाही. तिथे प्रत्येकाला आपापलं पडलेलं असतं. मात्र काही बोलणी बंद दाराआडचीच असतात. रूममेट असेल तर त्याच्याशी आठवड्यातला एक तास ठरवून घ्या, बदल्यात त्यालाही एक तास द्या. तो घेतल्याशिवाय राहणार नाही.

शरीराबद्दल फोनवर बोलायला लाज वाटते. सुरुवात कशी करावी?

जे घडून गेलंय तिथून. ‘मागच्या वेळी तू आलास त्या दिवशी दुपारी पाऊस लागला होता, आठवतंय?’ आठवण दोघांची असते, त्यामुळे पहिलं पाऊल कुणी टाकलं हा संकोच राहत नाही. काय आवडलं होतं ते सांगा. मग पुढच्या वेळी काय आवडेल ते. समोरच्याचा सूर ओळखा. उत्तर एका शब्दात येऊ लागलं की विषय बदला, किंवा सरळ विचारा, ‘आज नको का?’

बोलणं जमत नसेल तर लिहा. कित्येकांना लिहिताना धीर येतो. आवाजी मेसेजही चालतो, कारण समोर चेहरा नसतो. आणि सगळ्यांनाच धीट बोलणं जमलं पाहिजे, असा काही नियम नाही. झोपताना फोन उशाशी ठेवून नुसता श्वास ऐकत पडून राहणारी जोडपी मला माहीत आहेत, आणि त्यांचं उत्तम चाललंय.

एकाला रोज हवं असतं, दुसऱ्याला महिना महिना आठवणही येत नाही. काहीतरी बिघडलंय का?

बहुधा नाही. काहींची इच्छा लांब राहून वाढते, काहींची झोपी जाते आणि भेटल्यावर दोन दिवसांत जागी होते. दुसऱ्या प्रकारची माणसं फोनवर थंड वाटतात आणि पहिल्या प्रकारच्या माणसांना त्यात नकार ऐकू येतो. हे एकदा उघड बोलून ठेवा. ज्याची इच्छा जास्त, त्याने एकट्याने आपली सोय करण्यात शरीराला अपाय नाही, की जोडीदाराशी प्रतारणाही नाही. विशीत वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली भीती आता सोडायला हरकत नाही.

इच्छा अचानक आणि पूर्ण गेली असेल, झोप आणि भूकही गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनाची उदासी, थायरॉइड, काही औषधं, यांपैकी काहीही कारण असू शकतं.

तो फोटो मागतो. पाठवावेत का?

हवं असेल तर, आणि नको म्हणण्याची पूर्ण मोकळीक असेल तरच. ‘विश्वास असता तर पाठवला असतास’ हे वाक्य आलं की थांबा. विश्वास असणारा माणूस ते वाक्य बोलत नाही.

पाठवायचेच असतील तर चेहरा, जन्मखूण, टॅटू, मागचं कपाट एका चौकटीत येऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट घेता येत नाही, पण दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढता येतो. फोन आपोआप बॅकअप घेतो, आणि तेच खातं घरच्या टॅबवर असेल तर तुमचा फोटो भाच्याच्या हाती लागायला वेळ लागत नाही. ही नुसती भीती घालत नाहीये. आधी ते खातं तपासा. आणि अठरा वर्षांखालच्या कुणाचाही असा फोटो काढणं, मागणं, फोनमध्ये ठेवणं हा गुन्हा आहे, प्रेम असलं तरी.

फोटो पसरवण्याची धमकी आली आहे.

पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. धमकीचे मेसेज, नंबर, प्रोफाइलचा पत्ता, पैसे मागितले असतील तर खात्याचा तपशील, सगळं जपून ठेवा. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पुणेकरांच्या हे लक्षात राहायला हरकत नाही, डेक्कन क्वीन सुरू झाली ते सालही १९३०च. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते, आणि महिला व मुलांविषयीची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही सेवा तुमच्या फोटोचा फक्त सांकेतिक ठसा तयार करते आणि त्यात सहभागी असलेल्या समाजमाध्यमांवर तो फोटो चढण्यापासून अडवायला मदत करते. मूळ फोटो तुमच्याच फोनवर राहतो.

‘मीच पाठवला होता, आता तक्रार कशी करू?’ असं प्रत्येक जण विचारतो. करता येते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्पष्ट सांगतं, की बाईने फोटो काढायला संमती दिली असली तरी तो इतरांना दाखवायला दिलेली नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

भांडण फोनवर करावं, की भेटीपर्यंत थांबवावं?

फोनवरच करा, आणि शक्यतो आवाजाने. मेसेजवर भांडू नये, कारण तिथे ‘ठीक आहे’चे सोळा अर्थ निघतात. भेटीपर्यंत साठवलं तर भेट त्यातच जाते. चार महिन्यांनी आलेल्या माणसाला विमानतळावरून घरी आणताना येरवड्याच्या सिग्नलला जुनी यादी काढणारी जोडपी आहेत. फोन मध्येच कापायचा नाही, एवढा एक नियम ठेवा. राग फारच आला तर ‘अर्ध्या तासाने करते’ म्हणा आणि खरंच अर्ध्या तासाने करा.

लोकेशन सतत शेअर करावं का?

मला पटत नाही. रात्रीचा प्रवास असेल तेव्हा करा, पोचल्यावर बंद करा. नकाशावरच्या टिंबावर नजर ठेवून बसलेल्या माणसाचा संशय टिंब बघून कमी झालाय, असं माझ्या पाहण्यात नाही.

पुणे-मुंबई असूनही नीट भेट होत नाही. हे अंतर तरी आहे का?

अंतर कमी आहे म्हणूनच घोळ होतो. ‘बघू, येतो शुक्रवारी’ असं मोघम ठरतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी एक्सप्रेस वेवर घाटात गाड्या खोळंबलेल्या असतात. दमून रात्री अकराला पोचलेला माणूस जेवून झोपतो, शनिवारी कपडे धुतो आणि रविवारी दुपारपासून परतीची घाई. त्यापेक्षा महिन्यातून दोनदाच भेटा, पण एकदा तुम्ही जा, एकदा त्यांनी यावं. कधी दोघांनी मधे, लोणावळ्याला किंवा कर्जतला उतरावं. तिथे धुवायचे कपडे नसतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं. गणपती-दिवाळीच्या आसपास तिकीट हवं असेल तर त्या दिवशी सकाळीच बसा.

लग्न न झालेल्यांसाठी: दोघंही सज्ञान असाल तर हॉटेलात एका खोलीत राहायला कायद्याची मनाई नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट सांगितलं आहे. हॉटेलांचे स्वतःचे नियम मात्र असतात. विशेषतः त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र काही ठिकाणी चालत नाही. आधी फोन करून विचारा, म्हणजे काउंटरवर अपमान होत नाही.

इतकी वाट पाहिली, आणि भेटल्यावर दोन दिवस परक्यासारखं वाटतं.

जवळजवळ सगळ्यांना वाटतं. फोनवरचा माणूस आपण मनात थोडा घडवलेला असतो. प्रत्यक्षातला घोरतो, त्याचा वास वेगळा असतो, त्याने न विचारता मिशी ठेवलेली असते. परदेशातून आला असेल तर झोपेचं घड्याळही उलटं असतं. पहिल्या रात्रीकडून काही अपेक्षा ठेवू नका. एकत्र जेवा, पाठ चोळून द्या, झोपा. शरीराला ओळख पटायला एखादा-दुसरा दिवस लागतो. बाईला त्रास होत असेल तर घाई करायची नाही, लागल्यास मेडिकलमध्ये मिळणारं वंगण वापरायचं. दुखणं राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञ.

गर्भनिरोधनाचं आधी ठरवा. थोड्या दिवसांच्या भेटींसाठी निरोध सगळ्यात सोयीचा. नेहमीच्या संयुक्त (दोन संप्रेरकं असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केल्या तर लगेच लागू पडतात, नंतर सुरू केल्या तर सात दिवस निरोधही वापरावा लागतो. बहात्तर तासांतली आपत्कालीन गोळी ही नावाप्रमाणे आपत्कालीनच. प्रत्येक भेटीला ती घेणं हा उपाय नाही.

आम्हाला मूल हवंय, पण तो वर्षातले सहा महिने बोटीवर असतो.

स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र गर्भमार्गात पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे दिवस महत्त्वाचे. तो सुट्टीवर असताना पाळीच्या तारखा लिहून ठेवा, पण प्रत्येक रात्र तारखेवर बांधू नका. त्याने दोघंही कंटाळतात. वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर पुढच्या सुट्टीची वाट न बघता दोघांच्या प्राथमिक तपासण्या याच सुट्टीत करून घ्या.

सुट्टीवर आला की नातेवाईकच त्याला वाटून घेतात. आमच्या वाट्याला काय?

उरलंसुरलं! ‘आलाच आहे तर आत्याकडे जाऊन या’, ‘आलाच आहे तर जेजुरीला दर्शन’, ‘आलाच आहे तर दाताचं दाखवून घे’. मग बँकेचं केवायसी, साताऱ्याचं लग्न, शाळेतल्या मित्रांचं गेट-टुगेदर. तीन आठवड्यांच्या सुट्टीत दोघांना एक अख्खी दुपार मिळत नाही, आणि तक्रार केली की बायको ‘माणसं तोडणारी’ ठरते.

हे काम ज्याचे आई-वडील त्याने करायचं. सुनेने सासूला, किंवा जावयाने सासऱ्यांना, ‘आम्हाला वेळ द्या’ असं सांगायची वेळ येऊ नये. मुलाने विमानात बसायच्या आधीच सांगावं: पहिले दोन दिवस कुठेही येणार नाही, नंतर अमुक दिवस तुमचे, अमुक दिवस आम्ही दोघं बाहेरगावी. नातेवाईकांना एकेकाकडे जाण्याऐवजी एका रविवारी घरी जेवायला बोलवावं. काही जोडपी घरी सांगितलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच लोहगावला उतरतात आणि ती रात्र विमाननगरच्या हॉटेलात काढतात. मला यात काही गैर दिसत नाही. फक्त फेसबुकवर फोटो टाकू नये.

सीमेवर किंवा समुद्रात असतो, आठवडाभर संपर्क नसतो. तेव्हा?

सैन्यातल्या घरांना हे नवं नाही. जाण्याआधी दोन-चार चिठ्ठ्या लिहून बॅगेत, उशीच्या अभ्र्यात ठेवा. त्या काळात तुम्ही रोज दोन ओळी लिहा किंवा आवाजी मेसेज पाठवत राहा. नेटवर्क आलं की एकदम पोचतात, आणि ऐकणाऱ्याला तुमचा आठवडा क्रमाने मिळतो. तो कुठे आहे हे विचारू नका आणि कुठे लिहूही नका.

हे किती दिवस चालवायचं?

तारीख माहीत असेल तर माणूस बरंच काही सोसतो. ‘बघू’ मात्र पोखरत जातं. म्हणून वर्ष, निदान सहामाही तरी ठरवा, आणि त्या दिशेने कागद हलवा. जर्मनीत जोडीदाराच्या व्हिसासाठी साधारणपणे ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचं जर्मन लागतं. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा तिथला नोकरी-परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. लागत असेल तर बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाला, वाट बघण्याचे महिने कारणी लागतील. अमेरिकेत एच-४वर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, जाणाऱ्याला लगेच नोकरी करता येत नाही. त्यासाठी जोडीदाराच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठराविक टप्प्याला पोचलेली असावी लागते. इथली चांगली नोकरी सोडण्याआधी हे दोघांनी मोकळेपणाने बोलावं. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून गेलेल्या कितीतरी जणी तिथे जाऊन नुसत्या बघत बसल्या आहेत.

आता एकत्र राहायला लागलो आणि रोज खटके उडतात. लांब होतो तेच बरं होतं का?

लॉरा स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली लग्न न झालेल्या अमेरिकी जोडप्यांचा अभ्यास केला होता. लांबून जवळ आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या तीन महिन्यांत विभक्त झाले. एकट्याने राहायची सवय, आपली वेळ, आपली शांतता, हे सगळं एकदम जातं आणि त्याचा राग समोरच्यावर निघतो. आठवड्यातली एक संध्याकाळ दोघांनी वेगवेगळी घालवा, त्याने बरंच हलकं होतं. आणि रात्रीचा तो फोनचा तास मोडू नका; आता फोनशिवाय, पण त्याच वेळी, बिलांचा विषय न काढता.

दोघं दोन देशांत असताना समुपदेशकाकडे जाता येतं का?

येतं. पुण्यातले बरेच समुपदेशक ऑनलाइन भेटतात, दोघं दोन ठिकाणांहून बसू शकता. तोवर मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जोडीदार धमकावत असेल, पैसे किंवा पासपोर्ट अडवून ठेवत असेल, तर तो जवळीक वाढवण्याचा प्रश्न राहत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. आणि समुपदेशकाकडे दुसरा यायला तयार नसेल, तर पहिल्या भेटीला एकट्याने गेलं तरी चालतं.